सदोष छायाचित्रांची संगणकीय दुरुस्ती

सदोष छायाचित्रांची संगणकीय दुरुस्ती म्हणजे अंधारलेले, फिकटलेले, रंग बिघडलेले, हललेले, डागाळलेले किंवा फाटलेले छायाचित्र संपादन-सॉफ्टवेअरच्या साहाय्याने पाहण्याजोगे आणि छापण्याजोगे करण्याची प्रक्रिया होय. अशा छायाचित्रांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. काही छायाचित्रे टिपतानाच बिघडलेली असतात. उजेड अपुरा असतो, कॅमेरा हलतो किंवा नेम भलत्याच वस्तूवर लागतो. काही मुळात चांगली असतात. परंतु ऊन, ओल, बुरशी, वाळवी आणि हाताळणी यांमुळे काळाच्या ओघात खराब होतात. पहिल्या वर्गात आवश्यक ती माहिती कधी टिपलीच गेलेली नसते, तर दुसऱ्या वर्गात ती टिपलेली असून पुढे नष्ट झालेली असते. दोन्ही प्रकारांत दुरुस्तीचे मूळ काम एकच असते. छायाचित्रात जी माहिती अद्याप शिल्लक आहे, पण डोळ्यांना दिसत नाही, ती दृश्यमान करणे हे ते काम होय. जी माहिती शिल्लकच नाही ती कल्पनेने भरणे, ही निराळी क्रिया आहे. आजची सॉफ्टवेअरे दोन्ही क्रिया एकाच बटणाखाली करतात आणि या विषयातील बहुतेक वाद तेथूनच उद्भवतात.

पूर्वपीठिका

छायाचित्र सुधारण्याची कला संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. काचेच्या व फिल्मच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने बारीक रेघा मारून चेहऱ्यावरील सुरकुत्या व देवीचे वण सौम्य करणे, निगेटिव्हचा फार काळा झालेला भाग रसायनाने हलका करणे, छपाईच्या वेळी कागदावर पडणारा प्रकाश हाताने अडवून एखादा भाग उजळ ठेवणे किंवा जास्त वेळ प्रकाश देऊन तो गडद करणे, ही कामे अंधारखोलीत नित्य चालत. आपल्याकडील स्टुडिओंमध्ये या कामाला नुसते ‘टचिंग’ म्हणत आणि ते करणारा कारागीर अनेकदा छायाचित्रकाराहून वेगळा असे. आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘डॉज’ व ‘बर्न’ या साधनांची नावे आणि चित्रखुणाही अंधारखोलीतूनच आल्या आहेत.

सदोष निगेटिव्ह वाचवल्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचे आहे. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे छायाचित्र त्यांनी १९४१ मध्ये घाईघाईने टिपले. प्रकाशमापक त्या क्षणी सापडला नाही, म्हणून चंद्राच्या तेजस्वितेचा ज्ञात आकडा मनात धरून त्यांनी हिशेब केला. चंद्र साधला, परंतु खालचा भूभाग निगेटिव्हवर अगदी पातळ उमटला. पुढे १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या तेवढ्या भागावर रसायनाची प्रक्रिया करून तो दाट केला. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्राची प्रत काढणे तोवर फार कष्टाचे होते.

संगणकीय बाजूचा आरंभ १९५७ मध्ये झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयात रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे सुमारे ५ सेंमी लांबी-रुंदीचे छायाचित्र संगणकात उतरवले. त्यात एका बाजूस १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ बिंदू होते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत रेंजर यानांनी पाठवलेल्या चंद्राच्या छायाचित्रांतील विकृती संगणकाने दूर करण्यात आल्या. सामान्य माणसाच्या हाती हे तंत्र येण्यास मात्र आणखी पंचवीस वर्षे जावी लागली. टॉमस व जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेले फोटोशॉप ॲडोबी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेअर’ म्हणजे एकावर एक ठेवता येणारे पारदर्शक थर आले, त्यामुळे मूळ चित्राला हात न लावता त्याच्यावर काम करणे शक्य झाले. २००२ च्या सातव्या आवृत्तीत डाग भरून काढणारा ‘हीलिंग ब्रश’ आला. दरम्यान बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंप या मुक्त सॉफ्टवेअरची सुरुवात केली. ते विनामूल्य उपलब्ध असून या लेखात वर्णिलेली जवळजवळ सर्व कामे त्यात करता येतात.

काय वाचते, काय वाचत नाही

डिजिटल छायाचित्र हा आकड्यांचा तक्ता असतो. प्रत्येक बिंदूसाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आकडे नोंदलेले असतात. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे प्रकाश मुळीच नाही आणि २५५ म्हणजे कमाल प्रकाश. छायाचित्र वाचेल की नाही हे या आकड्यांवर ठरते.

समजा, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या व्यक्तीचा चेहरा काळा आला आहे. चेहऱ्यावरील पिक्सेलचे आकडे १० ते ४० यांच्या दरम्यान असतील, तर त्यांत परस्परांपासून फरक आहे. गाल, नाक, ओठ यांच्या छटा वेगळ्या नोंदल्या गेल्या आहेत. ते अंतर ताणून ३० ते १६० करता येते आणि चेहरा दिसू लागतो. मागील खिडकीतील सर्व पिक्सेल मात्र २५५, २५५, २५५ असतील, तर बाहेरचे झाड, कुंपण, आकाश यांपैकी काहीही तेथे नोंदलेले नाही. त्या आकड्यांना कितीही कमी केले तरी पांढऱ्याऐवजी सपाट करडा पट्टा मिळेल. म्हणूनच डिजिटल छायाचित्रणात थोडे अंधारे चित्र पुष्कळदा वाचते, परंतु जळून पांढरे झालेले चित्र वाचत नाही. फिल्म-निगेटिव्हच्या बाबतीत हे जवळजवळ उलट होते. तेथे जास्त प्रकाश पुष्कळसा सोसला जाई. कमी पडलेला प्रकाश मात्र निगेटिव्हवर उमटतच नसे.

कॅमेऱ्याने ‘रॉ’ स्वरूपात फाइल साठवली असल्यास हात अधिक मोकळा राहतो. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी २५६ नव्हे, तर १६,३८४ पायऱ्या असतात. जेपेगमध्ये पांढरा दिसणारा ढग रॉमध्ये अनेकदा शिल्लक असतो, कारण तीनपैकी एखाद्या रंगाची नोंद कमाल मर्यादेला पोहोचलेली नसते. जेपेग ही १९९२ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतील बारीक तपशील टाकून देते. त्यामुळे फाइल लहान होते; पण बदल करून पुनःपुन्हा साठवल्यास दर वेळी थोडा तपशील गळतो. संदेशवाहक ॲपवरून आलेले छायाचित्र बहुधा आकाराने घटवलेले व पुन्हा दाबलेले असते. दुरुस्तीसाठी चित्र मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ स्वरूपात मागवावे. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो तो पुढील तासाभराच्या कारागिरीने पडत नाही.

पूर्वतयारी

मूळ फाइलवर कधीही काम करू नये. तिची प्रत करावी, मूळ फाइल वेगळ्या ठिकाणी जपावी आणि काम चालू असताना चित्र गिंपच्या किंवा फोटोशॉपच्या स्वतःच्या थर राखणाऱ्या फाइल-प्रकारात साठवावे. जेपेग ही केवळ शेवटची, बाहेर देण्याची प्रत असावी. कागदी छायाचित्र असेल तर आधी ते स्कॅन करावे लागते. त्यासाठी मऊ ब्रशने धूळ झटकणे, स्कॅनरची काच पुसणे आणि स्कॅनरमधील ‘आपोआप सुधारणा’ बंद ठेवणे आवश्यक असते. सामान्य प्रतीसाठी इंचाला ६०० बिंदू पुरतात. ४×६ इंची छायाचित्रातून २४००×३६०० पिक्सेल, म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू मिळतात. कृष्णधवल छायाचित्रही रंगीत म्हणूनच स्कॅन करावे. चहाचा किंवा शाईचा डाग तीनपैकी एका रंगाच्या नोंदीत ठळक आणि दुसऱ्या एखाद्या नोंदीत जवळजवळ अदृश्य असतो; ती स्वच्छ नोंद घेतली की निम्मे काम संपते. निगेटिव्ह उपलब्ध असल्यास ती शोधावी. प्रतीहून निगेटिव्हमध्ये तपशील अधिक असतो.

उजेड आणि छटा

दुरुस्तीतील सर्वांत फलदायी टप्पा हाच आहे आणि त्याचे मुख्य साधन म्हणजे हिस्टोग्रॅम. शालेय गणितात ज्याला आयतालेख म्हणतात तोच हा आलेख. आडव्या अक्षावर ० ते २५५ या छटा आणि उभ्या अक्षावर त्या छटेच्या पिक्सेलांची संख्या असते. चांगल्या उजेडातील सर्वसाधारण दृश्याचा आलेख डावीकडून उजवीकडे बऱ्यापैकी पसरलेला असतो. धुक्यातल्यासारख्या फिक्या चित्राचा आलेख मध्येच गोळा झालेला दिसतो, अंधाऱ्या चित्राचा डाव्या भिंतीला टेकलेला, तर जळालेल्या चित्राचा उजव्या भिंतीवर चढलेला. मात्र आदर्श आलेख असा काही नसतो. रात्रीच्या दीपमाळेचे चित्र डावीकडे झुकलेले असणारच. ते ‘दुरुस्त’ करून मध्यावर आणले तर रात्रच नाहीशी होते.

‘लेव्हल्स’ या साधनात आलेखाखाली तीन खुंट्या असतात. डावी खुंटी सर्वांत गडद छटा कोणती मानावी हे ठरवते, उजवी सर्वांत उजळ छटा आणि मधली उरलेल्या छटांचा तोल. फिक्या छायाचित्रात दोन्ही टोकांच्या खुंट्या आलेख जेथे सुरू होतो व संपतो तेथपर्यंत आत सरकवल्या की चित्राला तत्काळ उठाव येतो. ‘कर्व्हज’ हे याच कामाचे अधिक सूक्ष्म साधन आहे. त्यात एका तिरप्या रेषेवर कोठेही बिंदू धरून ती वाकवता येते. सावलीचा भाग उजळायचा आणि उजळ भाग आहे तसाच ठेवायचा, हे त्याने साधते. नवशिक्यांचा ओढा ‘ब्राइटनेस’च्या पट्टीकडे असतो. काही सॉफ्टवेअरांत ती पट्टी सर्व आकडे सारखेच वाढवते. त्यामुळे काळे भाग राखाडी होतात आणि उजळ भाग जळतात. ती पट्टी शक्यतो वापरू नये, हेच बरे.

पाठीमागून उजेड आलेल्या चित्रात सबंध चित्र उजळून भागत नाही. तेथे चेहऱ्याची वेगळी निवड करून, तिच्या कडा पुरेशा मऊ ठेवून, तेवढ्याच भागावर कर्व्हज लावतात. निवडीच्या कडा कठीण राहिल्या तर चेहऱ्याभोवती प्रभावळ दिसते. देवादिकांच्या चित्रांत ती शोभते, लग्नाच्या छायाचित्रांत नाही.

अंधारा भाग उजळताना त्यात दडलेले रंगीत दाणेही उजळतात. हा ‘नॉइज’ होय. प्रकाश कमी असला की त्याच्या नोंदीतील स्वाभाविक चढउतार आणि विद्युतमंडलाचा गोंगाट हे प्रत्यक्ष नोंदीच्या तुलनेत मोठे ठरतात. नॉइज घटवणारी साधने शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतात. प्रमाण वाढले की त्वचा मेणाची दिसू लागते. रंगाचा नॉइज जोराने आणि उजेडाचा नॉइज हलक्या हाताने काढणे हा अनुभवाने ठरलेला मार्ग आहे, कारण डोळ्याला रंगीत ठिपके खटकतात, पण एकरंगी दाणे फिल्मच्या दाण्यांसारखे चालून जातात. एकाच स्थिर दृश्याची अनेक छायाचित्रे असतील तर त्यांची सरासरी काढणे हा सर्वोत्तम उपाय होय. चार छायाचित्रांच्या सरासरीत असा गोंगाट निम्म्यावर येतो.

रंग

पिवळ्या बल्बखाली काढलेले चित्र पिवळट, सावलीत काढलेले निळसर आणि जुन्या नळीदिव्याखाली काढलेले हिरवट येते. मानवी मेंदू प्रत्यक्ष दृश्य पाहताना हा फरक स्वतःच वजा करतो. कॅमेऱ्याचे गणित मात्र चुकू शकते. उपाय सोपा असतो. चित्रात जी वस्तू वस्तुतः पांढरी किंवा करडी आहे ती शोधून ‘व्हाइट बॅलन्स’च्या टिपणीने तिच्यावर टिचकी दिली की तिचे तिन्ही रंगांचे आकडे सारखे केले जातात आणि त्या प्रमाणात सर्व चित्र बदलते. सदऱ्याची कॉलर, वहीचे पान, चुन्याची भिंत अशा वस्तू उपयोगी पडतात. मात्र जळून पूर्ण पांढरी झालेली वस्तू निवडू नये आणि नीळ घातलेले धोतरही निवडू नये. ते पांढरे भासले तरी निळे असते.

जुन्या रंगीत छायाचित्रांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्या कागदांवरील रंग तीन रंजकद्रव्यांच्या थरांचे बनलेले असतात आणि ती द्रव्ये सारख्या वेगाने विटत नाहीत. १९७० च्या दशकातील कित्येक कागदांवर अल्बमच्या अंधारातही निळसर-हिरवे द्रव्य आधी क्षीण झाले. त्यामुळे त्या काळची लग्ने आणि मुंजी आज सर्वस्वी तांबूस दिसतात. अशा चित्रात लेव्हल्सची क्रिया तांबडा, हिरवा व निळा या तीन नोंदींवर स्वतंत्रपणे करावी लागते. प्रत्येक नोंदीच्या आलेखाची दोन्ही टोके आत आणली की हिरवी पाने आणि पांढरा मांडव बहुतांशी परत येतात. सावल्यांत उरलेली तांबूस छटा कर्व्हजने काढतात. शेवटी त्वचेचा वर्ण पाहून तोल ठरवावा, आणि तो त्या व्यक्तीचा वर्ण असावा. सॉफ्टवेअरच्या आपोआप सुधारणेतून सावळा माणूस उजळ होऊन बाहेर येणे हे दुरुस्तीच्या व्याख्येत बसत नाही.

धूसरपणा

हललेले किंवा नेम चुकलेले छायाचित्र हा सर्वांत निराशाजनक प्रकार आहे. ‘शार्पन’ या शब्दामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. हे साधन हरवलेला तपशील परत आणत नाही, तर कडांच्या एका बाजूस थोडे अधिक गडद व दुसऱ्या बाजूस थोडे अधिक उजळ करून कड ठळक भासवते. ‘अनशार्प मास्क’ हे त्याचे विचित्र नाव अंधारखोलीतील एका युक्तीवरून आले आहे. तेथे निगेटिव्हची मुद्दाम पुसट केलेली उलटी प्रत निगेटिव्हला चिकटवून छपाई करीत. संगणक तेच करतो. मूळ चित्रातून पुसट चित्र वजा करतो आणि येणारा फरक मूळ चित्रात मिळवतो.

खरी उलटी क्रियाही असते. एका प्रकाशबिंदूचा चित्रात नेमका कोणत्या आकाराचा डाग झाला हे ठाऊक असेल, तर गणिताने तो डाग पुन्हा बिंदूकडे नेता येतो. याचा मोठा प्रयोग हबल दुर्बिणीवर झाला. १९९० च्या एप्रिलमध्ये अवकाशात सोडलेल्या या दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर अधिक सपाट घासला गेला होता. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी जाऊन तो दोष सुधारेपर्यंत शास्त्रज्ञांनी रिचर्डसन आणि ल्यूसी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिती पद्धतीसारख्या उपायांनी तिच्या धूसर छायाचित्रांतून उपयुक्त माहिती काढली. तेथे दोष नेमका ठाऊक होता आणि ताऱ्यांसारखे बिंदू चित्रातच होते. घरच्या छायाचित्रात हात कोणत्या दिशेने किती हलला याचा अंदाज बांधावा लागतो, आणि पळणारे मूल व स्थिर भिंत यांचे दोष वेगवेगळे असतात. थोड्या, एकाच दिशेच्या हलण्यावर हा उपाय चालतो. नेम पूर्ण चुकला असेल, तर छायाचित्र लहान आकारात छापणे हाच प्रामाणिक तोडगा होय.

चौकट कातरणे, तिरपे क्षितिज सरळ करणे, मागे झुकलेली इमारत उभी करणे आणि फ्लॅशमुळे तांबडे दिसणारे डोळे काळे करणे, ही कामे फारशी कौशल्याची नाहीत. सर्व सॉफ्टवेअरांत त्यांची थेट साधने असतात.

डाग, चिरा आणि फाटलेले भाग

यासाठी मुख्यतः दोन साधने वापरतात. ‘क्लोन’ हे साधन चित्रातील एका ठिकाणचे पिक्सेल जसेच्या तसे उचलून दुसरीकडे ठेवते. ‘हीलिंग’ हे साधन पोत एका ठिकाणाहून घेते, पण रंग व उजेड नव्या जागेच्या शेजाऱ्यांशी जुळवते. म्हणून गालावरील ओरखडा हीलिंगने आणि पदराच्या काठावरील, म्हणजे दोन रंगांच्या सीमेवरील ओरखडा क्लोनने काढणे इष्ट. सीमेवर हीलिंग वापरल्यास एका बाजूचा रंग दुसरीकडे झिरपतो. काम नेहमी वेगळ्या रिकाम्या थरावर करावे, नमुना वारंवार बदलावा आणि चित्र मोठे करून कोपऱ्यापासून ओळीने पुढे जावे. एकच नमुना पुनःपुन्हा वापरला की भिंतीवर टिकल्यांची रांग उमटते व कारागिरी उघडी पडते. २०१० पासून फोटोशॉपमध्ये असलेले आशयानुरूप भरण आकाश, गवत, पडदा अशा ठिकाणी उत्तम काम देते. हाताच्या बोटांच्या ठिकाणी त्याच्यावर विसंबू नये.

कोकणासारख्या दमट प्रदेशात अल्बमच्या प्लॅस्टिकला छायाचित्र चिकटून बसणे आणि त्यावर बुरशीची जाळी उमटणे सर्रास आढळते. चिकटलेले छायाचित्र ओढून काढण्यापेक्षा आधी प्लॅस्टिकसकट स्कॅन करून ठेवावे. पुराच्या पाण्यात भिजलेली छायाचित्रे एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. ती स्वच्छ थंड पाण्यात हलकेच सुटी करून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावीत. त्या बाजूस बोट लावू नये, कारण भिजलेले जिलेटिन घासले की चेहराच निघून येतो. मुंबईतील २००५ चा प्रलय, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा आणि चिपळूणचा २०२१ चा पूर यांनंतर असे कित्येक अल्बम उकिरड्यावर गेले. त्यांतील पुष्कळ वाचवता आले असते. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी चिखलातून छायाचित्रे गोळा केली, धुतली आणि मालकांना परत दिली. बेकी मॅन्सन या व्यावसायिक रिटचरने जगभरच्या सहव्यावसायिकांना जोडून त्यांतील खराब झालेल्या छायाचित्रांची संगणकीय दुरुस्ती करवून घेतली.

समूहचित्रातून एक चेहरा

महाराष्ट्रातील गावोगावच्या स्टुडिओंकडे येणारी एक मागणी नेहमीची आहे. घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तते आणि भिंतीवर लावण्यासाठी तिचे स्वतंत्र छायाचित्र नसते. असतो तो एखाद्या लग्नातील समूहाचा फोटो किंवा ओळखपत्रावरील टिकलीएवढा चेहरा. जुन्या पद्धतीत चेहरा कापून तयार कोटाच्या किंवा शालूच्या चित्रावर बसवीत आणि मागे निळी पार्श्वभूमी देत. आयुष्यभर सदरा-धोतर वापरलेले आजोबा त्यामुळे मरणोत्तर टाय लावलेले आढळतात.

या कामाचे गणित आधी मांडणे श्रेयस्कर. ४×६ इंची समूहचित्रात चेहऱ्याची रुंदी ५ मिमी असेल, तर इंचाला ६०० बिंदूंनी स्कॅन करून चेहऱ्यासाठी सुमारे ११८ पिक्सेल मिळतात. तो चेहरा भिंतीवरील चौकटीत ५ इंच रुंद हवा असेल, तर इंचाला ३०० बिंदूंच्या छपाईसाठी १५०० पिक्सेल लागतात. म्हणजे तेरा पिक्सेलांपैकी बारा संगणकाने कल्पनेने भरायचे, तेही एकाच दिशेने; क्षेत्रफळाच्या हिशेबात तूट याहून कितीतरी मोठी असते. कागदी प्रतीतच तपशील मर्यादित असल्याने स्कॅनरवर १२०० किंवा २४०० आकडा निवडून सहसा कागदाचे दाणेच अधिक मोठे दिसतात. मोठ्या निगेटिव्हवरून थेट काढलेली जुनी स्टुडिओ-छायाचित्रे याला अपवाद आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने ही उणीव क्षणात भरून काढतात आणि स्वच्छ, टवटवीत चेहरा समोर ठेवतात. तो चेहरा लक्षावधी इतर चेहऱ्यांवरून शिकलेल्या सरासरीतून बनलेला असतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या पल्स या प्रणालीला २०२० मध्ये बराक ओबामा यांचे पुसट छायाचित्र देण्यात आले, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा दिला. तो आकड्यांच्या दृष्टीने त्या पुसट चित्राशी जुळत होता. आपल्या घरातील आजीच्या बाबतीत हेच घडते, फक्त ते जगाला ओळखू येत नाही. कपाळावरील गोंदण डाग समजून पुसले जाऊ शकते, दातांची फट बुजते, पापणीचा झोळ सुटतो. नातवंडांनी आजीला पाहिलेलेच नसेल, तर तो परका चेहराच पुढे घरातली आठवण बनतो. म्हणून अशा कामात चेहरा लहान ठेवून चौकटीत अधिक मोकळी जागा सोडणे, किंचित पुसटपणा तसाच राहू देणे, त्या व्यक्तीची अन्य छायाचित्रे शेजारी उघडून पडताळत जाणे आणि तिला जवळून ओळखणाऱ्या माणसाला छपाईपूर्वी चित्र दाखवणे आवश्यक ठरते. कृष्णधवल चित्र रंगीत करतानाही लुगड्याचा रंग संगणकाला ठाऊक नसतो; तो विचारून भरावा, अन्यथा चित्र कृष्णधवलच ठेवावे.

दुरुस्ती आणि फेरफार

सुधारलेले चित्र कोठे वापरायचे यावर किती सुधारणा चालेल हे अवलंबून असते. भिंतीवरील चित्राला जी मुभा आहे ती वृत्तछायाचित्राला नाही. नॅशनल जिओग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या आकारात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ आणले आणि टीका ओढवून घेतली. २००६ च्या लेबनॉन युद्धात बैरूतच्या आकाशातील धूर क्लोन साधनाने दाट केलेले एका मुक्त छायाचित्रकाराचे चित्र प्रसारित झाले. लक्षात आल्यावर रॉयटर्सने त्याची ९२० छायाचित्रे संग्रहातून काढली. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत २०१५ मध्ये उपान्त्य फेरीतील सुमारे २० टक्के चित्रे अतिरिक्त संस्करणामुळे बाद झाली. याहून गंभीर प्रकार २०२१ चा आहे. कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांची छायाचित्रे ‘पुनरुज्जीवित’ करताना ती रंगीत तर केली गेलीच, शिवाय काही चेहऱ्यांवर हसू आणले गेले. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने निषेध केल्यावर प्रकाशनाला ती मागे घ्यावी लागली.

पीकनुकसान, अपघात, विमादावा अशा प्रसंगी काढलेल्या छायाचित्रांना दुरुस्तीचा हातही लावू नये. फाइलमध्ये दिनांक, वेळ व कॅमेऱ्याच्या नोंदी असतात. सॉफ्टवेअरमधून साठवताना त्या बदलतात किंवा गळतात. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ अन्वये विद्युत अभिलेख पुरावा म्हणून देताना जोडायच्या प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते, आणि एक पिक्सेल बदलला तरी ते मूल्य बदलते. अंधारे चित्र समजावे म्हणून उजळ प्रत द्यायची असल्यास ती मूळ फाइलसोबत, उजळ केल्याचे नमूद करून द्यावी.

विकिमीडिया कॉमन्सवर ऐतिहासिक छायाचित्रांच्या दुरुस्त प्रती मूळ फाइलवर न चढवता स्वतंत्र नावाने चढवण्याचा आणि वर्णनात कोणते बदल केले ते लिहिण्याचा प्रघात आहे. घरगुती संग्रहासाठीही तो अनुकरणीय आहे. मूळ स्कॅन व दुरुस्त प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवून फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि ‘मूळ’ किंवा ‘दुरुस्त’ असा शब्द घालावा. कागदी छायाचित्राच्या मागील बाजूवर नावे किंवा स्टुडिओचा शिक्का असल्यास तीही बाजू स्कॅन करून सोबत ठेवावी.